वजन कमी करण्यासाठी रोजच्या कॅलरींचा अंदाज: हालचालीची कोणती पातळी धरावी?

खाडीपलीकडची

नमस्कार. माझे वय ४२, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७४ किलो आहे. रक्तदाब सीमारेषेवर आल्यामुळे डॉक्टरांनी निदान सात-आठ किलो वजन कमी करण्यास सांगितले आहे. मधुमेह नाही, थायरॉईडची तपासणी व्यवस्थित आली आहे आणि सध्या कोणतेही औषध चालू नाही. उपाशी राहण्याचे किंवा एकाच पदार्थावर दिवस काढण्याचे प्रकार मला करायचे नाहीत. घरात जे शिजते तेच, पण मापात खाऊन वजन उतरवायचे आहे, आणि म्हणून आपल्याला दिवसाला किती कॅलरी लागतात हे आधी नीट समजून घ्यावे असे ठरवले.

मिफ्लिन-सेंट जिओर यांच्या सूत्राने मी मूळ चयापचय दर, म्हणजे पूर्ण विश्रांतीतही शरीर दिवसभरात खर्च करते ती ऊर्जा, काढला. किलोतील वजनाची दहापट, त्यात सेंटीमीटरमधील उंचीची सव्वासहापट मिळवायची, त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा करायचे, असे ते सूत्र आहे. त्याप्रमाणे ७४० + ९८७.५ − २१० − १६१, म्हणजे सुमारे १३५६ कॅलरी येतात. इथपर्यंत अडचण नाही. पुढे या आकड्याला हालचालीच्या पातळीने गुणायचे असते आणि तिथेच मी अडकले आहे. 'बैठे' म्हटले तर १.२ ने गुणून १६२७ येतात, 'हलकी हालचाल' म्हटले तर १.३७५ ने १८६५, आणि 'मध्यम हालचाल' म्हटले तर १.५५ ने २१०२. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात पावणेपाचशे कॅलरींचा फरक आहे. जेवढ्या कॅलरी रोज कमी करायला सांगतात, तेवढा तर हा फरकच झाला.

माझा दिवस असा असतो. सकाळी साडेपाचला उठून चौघांचे डबे आणि नाश्ता करते. डोंबिवली स्थानकापर्यंत चालत जाते, लोकलने मुंबईला पोहोचते, प्रवासात बराच वेळ उभीच असते, आणि उतरल्यावर पुन्हा दहा-बारा मिनिटे चालून कार्यालय गाठते. तिथे साडेसात तास खुर्चीवरचे काम. संध्याकाळी तसाच परतीचा प्रवास, मग स्वयंपाक, आणि आठवड्यातून चार दिवस जेवणाआधी पाऊण तास भराभर चालणे. दिवसअखेर पाय दुखतात, तरीही नोकरी बसून करण्याची आहे. मग मी बैठी म्हणायची की मध्यम?

दुसरा प्रश्न मनगटावरच्या घड्याळाविषयी आहे. पाऊण तास चालले की ते ३५० च्या आसपास कॅलरी जळल्याचे दाखवते. तेवढे त्या दिवशी जास्त खाल्ले तर चालते का? आणि वय चाळिशीपुढे गेल्यावर चयापचय मंदावतो असे सगळेच सांगतात, त्याचा वेगळा हिशेब धरावा लागतो का?

आहारकट्टा

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हालचालीची पातळी निवडताना आपण जिथे अडकलात, तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सूत्रातील दशांशांवर आपण खूप वेळ घालवतो आणि सर्वांत मोठी चूक ज्या एका निवडीत होऊ शकते ती मात्र 'बैठे', 'हलके', 'मध्यम' अशा शब्दांवर सोडून देतो.

या शब्दांना सर्वत्र एकच अर्थ नाही, हे आधी लक्षात घ्यावे. मोबाईलवरील बहुतेक ॲपमध्ये १.५५ ला मध्यम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००१ साली बैठक घेतली आणि २००४ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १.४० ते १.६९ हा पट्टा बैठ्या किंवा हलक्या जीवनशैलीचा मानला आहे, १.७० ते १.९९ मध्यम आणि २.०० ते २.४० कष्टाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) एनआयएनने, २०२० च्या शिफारशींत बैठ्या, मध्यम आणि कष्टाच्या कामासाठी अनुक्रमे १.४, १.८ आणि २.३ हे गुणक धरले आहेत. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी त्यातून १६६०, २१३० आणि २७२० कॅलरी येतात, तर ६५ किलोच्या पुरुषासाठी २११०, २७१० आणि ३४७०. आपल्याकडे मध्यम म्हणजे दिवसभर उभ्याने किंवा हिंडून करायचे काम, आणि कष्टाचे म्हणजे शेतात, खाणीत, बांधकामावर अंग मोडून करायचे काम. कार्यालयात बसून काम करणारी व्यक्ती आठवड्यातून चार दिवस चालली, तरी ती या अर्थाने मध्यम गटात जात नाही.

याच्या उलट, १.२ हा गुणकही आपला नव्हे. तो खाटेला किंवा खुर्चीला खिळलेल्या माणसाचा आहे. चौघांचे डबे करून लोकल गाठणाऱ्या बाईला तो लावणे योग्य होणार नाही.

म्हणून शब्द बाजूला ठेवावेत आणि दिवसाचे तास मोजावेत. याच अहवालात प्रत्येक कामासाठी मूळ चयापचयाच्या किती पट ऊर्जा लागते ते दिले आहे: झोपेला १, आंघोळ व आवरण्याला २.३, जेवणाला १.५, स्वयंपाकाला २.१, घरातील इतर कामांना २.८, बसून करायच्या कार्यालयीन कामाला १.५, चालण्याला ३.२ आणि गप्पा-टीव्ही अशा विरंगुळ्याला १.४. आपला दिवस त्यात बसवून पाहते. झोप ७ तास धरली तर ७. आवरणे १ तास, २.३; स्वयंपाक २ तास, ४.२, झाडलोट, कपडे वगैरे १ तास, २.८, जेवणखाण १ तास, १.५, कार्यालय साडेसात तास, ११.२५. लोकलच्या अडीच तासांसाठी, उभे राहणे लक्षात घेऊन, मी १.५ धरते, म्हणजे ३.७५. स्थानकापर्यंतचे आणि संध्याकाळचे चालणे मिळून आठवड्याच्या सरासरीने सव्वा तास, म्हणजे ४. उरलेला पाऊण तास विरंगुळा, १.०५. या सगळ्याची बेरीज ३७.८५ होते आणि तिला २४ ने भागले की सुमारे १.५८ येतात.

हा आकडा मी आपल्याला वरची मर्यादा म्हणून देते आहे, कारण यात प्रत्येक तास भरून घेतला आहे आणि रविवार वेगळा धरलेला नाही. शिवाय भारतीयांवर केलेल्या मोजमापांत मूळ चयापचय दर पाश्चात्त्य समीकरणांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच आढळत आला आहे. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चे सूत्र अमेरिकेत मोजलेल्या लोकांवरून बसवलेले आहे, आणि तिथेही एखाद्या व्यक्तीचा खरा दर सूत्राच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे असणे अगदी नेहमीचे आहे. हे सर्व लक्षात घेऊन मी आपल्यासाठी १.४५ पासून सुरुवात करीन. त्यातून सुमारे १९५० येतात. त्यातून ४०० कमी करून १५५० च्या आसपास जेवण बसवावे आणि दिवसाला ६५ ते ७० ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे पाहावे, म्हणजे वजनाबरोबर स्नायू फारसे झिजणार नाहीत. आठवड्यातून दोन दिवस चालण्याऐवजी उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड असे ताकदीचे व्यायाम केले तर आणखी चांगले.

आता घड्याळाविषयी. आपला मूळ दर ताशी साडेछप्पन कॅलरी आहे. चालण्याचा वेग जास्त आहे असे समजून चौपट धरली, तरी त्या पाऊण तासात आपण नुसत्या बसल्या असतात तर १.४ पट ऊर्जा जळलीच असती. तेवढी वजा केली की चालण्यामुळे वाढलेला खर्च ११० कॅलरींच्या आसपास राहतो, ३५० नव्हे. घड्याळ बहुधा एकूण खर्च दाखवते, ज्यात आपण गुणकातून आधीच धरलेला भागही असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. त्यामुळे घड्याळ पाहून जास्तीचे खाऊ नये. चालणे १.४५ मध्ये आलेलेच आहे.

वयाबद्दल निश्चिंत राहावे. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या लोकांना ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ ही समस्थानिके असलेले पाणी पाजून, ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून खर्च मोजलेला होता. शरीराचे आकारमान आणि त्यातील स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. चाळिशीत वजन वाढते हे खरे, पण त्याची कारणे कमी झालेली हालचाल, घटलेले स्नायू आणि ताटातील बदल यांत शोधावी लागतात.

नोंदवही

वरील उत्तर उत्तम आहे. तरीही १.४५ की १.५८ यावर फार विचार करण्याची गरज नाही असे माझे मत आहे, कारण महिन्याभरात आपल्याला स्वतःचा गुणक प्रत्यक्ष काढता येतो आणि तो कोणत्याही तक्त्यापेक्षा भरवशाचा असतो.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करावे आणि लिहून ठेवावे. एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नये, आठवड्याची सरासरी काढावी. आदल्या रात्री लोणचे-पापड जास्त झाले तरी पाणी साठून किलोभर वजन वाढलेले दिसते. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधी पाणी साठते, म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्याऐवजी मागच्या चक्रातील त्याच आठवड्याशी करणे योग्य. पहिला आठवडा हिशेबातून सोडून द्यावा, कारण खाणे कमी केल्याबरोबर शरीरातील ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, आणि त्याच्यासोबतचे पाणी उतरते आणि ती घट चरबीची नसते.

आता समजा, पुढच्या चार आठवड्यांत आपल्या वहीतील सरासरी खाणे १६२० कॅलरी भरले आणि सरासरी वजन ९०० ग्रॅम उतरले. एक किलो चरबीयुक्त ऊतीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे २८ दिवसांत ६९३० कॅलरी शरीरातून गेल्या, दिवसाला सुमारे २५०. त्या १६२० मध्ये मिळवल्या की १८७० हा आपला रोजचा खर्च ठरतो, आणि १३५६ ने भागले तर गुणक १.३८ येतो. आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत.

या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. खाल्लेले लिहिताना जवळजवळ प्रत्येकाकडून काही ना काही सुटते. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लोकांवर तो केला होता. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर त्यांनी नोंदवलेले खाणे खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि नोंदवलेली हालचाल खऱ्यापेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्यांचा चयापचय मुळीच मंद नव्हता. याला खोटेपणा म्हणून कोणाला दोष देण्यात अर्थ नाही, नजरेने अन्नाचे माप घेणे खरोखरच कठीण असते. पण आपली नोंद जर दररोज सारख्याच प्रमाणात कमी पडत असेल, तर वरच्या पद्धतीने आलेला १८७० हा आकडा आपल्या वहीच्या मापातलाच असतो. खरा खर्च २०५० असला तरी बिघडत नाही. वहीच्या मापाने १८७० मधून ४०० कमी केले की शरीराच्या मापानेही साधारण तेवढेच कमी होतात. फक्त नोंदवण्याची पद्धत मध्येच बदलू नये. पहिला महिना तेल न लिहिता आणि दुसरा महिना तेलासकट लिहिला, तर दोन्ही महिने वाया जातील.

वेगाबद्दलही अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. रोज ४०० कमी म्हणजे वर्षाला १,४६,००० आणि त्याला ७७०० ने भागले की १९ किलो, असा सरळ भागाकार अनेक ठिकाणी दिसतो. तो प्रत्यक्षात उतरत नाही, कारण शरीर हलके होत जाते तसा त्याचा खर्चही कमी होतो. आठ किलो उतरले की आपल्याच सूत्राने मूळ दर ८० ने घटतो आणि गुणकासह दिवसाचा खर्च सव्वाशेच्या आसपास कमी होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेला ठोकताळा मला अधिक वास्तव वाटतो. रोजच्या खाण्यात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट केली तर वजन अखेरीस एक किलोने उतरते, त्यातील निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. ४०० कॅलरींना हे लावले तर पहिल्या वर्षी आठ किलोंच्या थोडे पुढे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आणि हा आकडा जुळतात, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे.

फोडणीची पळी

वहीत काय लिहायचे यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे एकाच कढईतून घरातील सगळे जेवतात, त्यामुळे परदेशी पद्धतीने प्रत्येक घास मोजणे शक्य नसते. मात्र कच्चे जिन्नस मोजणे अगदी शक्य आहे, आणि त्यासाठी ओट्यावर एक छोटा डिजिटल काटा पुरतो.

पोळीचे माप पोळीवरून घेऊ नये, कणकेवरून घ्यावे. ४०० ग्रॅम कणकेच्या तेरा पोळ्या झाल्या तर प्रत्येकीत तीस ग्रॅम कणीक आली, म्हणजे कणकेच्या शंभर कॅलरी. घडीत लावलेले तेल आणि वरून फिरवलेले तूप वेगळे लिहावे. ज्वारीच्या भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ लागले तर २३० ते २३५ कॅलरी. भाकरी पचायला हलकी म्हणून दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी सहज खाल्ल्या जातात, पण ऊर्जेच्या हिशेबात एक मोठी भाकरी दोन पोळ्यांना भारी आहे.

तेलाचे सांगते. फोडणीची पळी बाटलीतून तिरपी केली की किती पडते ते एकदा काट्यावर वाटी ठेवून पाहावे. चहाच्या लहान चमच्यात साडेचार ग्रॅम तेल मावते आणि ग्रॅमला नऊ कॅलरी धरून त्याच्या चाळीस होतात. मोठ्या पळीत त्याच्या तिप्पट-चौपट सहज बसते. रोज मोजणे जमत नसेल तर महिन्याचा हिशेब धरावा. घरात महिन्याला तीन लिटर तेल येते आणि चार माणसे आहेत, असे समजू. तीन लिटर म्हणजे साधारण २७३० ग्रॅम. ते चौघांत आणि तीस दिवसांत वाटले की माणशी रोज पावणेतेवीस ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरींच्या वर. बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने वरून घ्यायच्या तेला-तुपाचे प्रमाण दिवसाला २० ग्रॅम सांगितले आहे, आणि त्यात तूप, लोणीही धरायचे असते.

दाण्याचे कूट आणि ओले खोबरे हे दोन जिन्नस हमखास लिहायचे राहतात, कारण ते भाजीत दिसेनासे होतात. एक मोठा चमचा कूट म्हणजे पन्नास कॅलरी. उपासाच्या दिवशी तर ताटाचे गणितच बदलते. एका माणसाच्या साबुदाण्याच्या खिचडीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम कूट आणि १५ ग्रॅम तूप धरले, तर अनुक्रमे २६०, १६५ आणि १३५ मिळून साडेपाचशेच्या पुढे जाते. बटाटा आणि वरचे खोबरे वेगळेच. उपास श्रद्धेने करावा, माझा त्याला मुळीच विरोध नाही. वरईचा भात, दाण्याची पातळ आमटी आणि ताक असा बेत केला तर पोटही भरते आणि आकडाही आवाक्यात राहतो.

चहा विसरू नये. दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध असलेला एक कप शंभरच्या घरात जातो. कार्यालयात तीन-चार वेळा चहा येत असेल, तर आहारकट्टा यांनी कमी करायला सांगितलेल्या ४०० पैकी बराच भाग तिथेच सापडेल.

कोरडवाहू

या चर्चेत माझाही एक प्रश्न मांडतो. माझे वडील ५६ वर्षांचे आहेत. आमची बीड जिल्ह्यात कोरडवाहू शेती आहे आणि मागील वर्षापर्यंत ते स्वतः नांगरणी, कोळपणी, काढणी सगळे करत. आता ते पुण्यात माझ्याकडे राहतात आणि एका गृहसंकुलात सुरक्षारक्षक म्हणून बसून पहारा करतात. जेवण मात्र पूर्वीचेच आहे, दोन्ही वेळेला तीन-तीन भाकरी. वजन ७० वरून ७९ वर गेले आहे. त्यांना मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराईडची गोळी चालू आहे. त्यांच्यासाठीही असाच ४०० कॅलरींचा हिशेब करावा का? शिवाय पेरणी आणि सुगीच्या वेळी ते महिनाभर गावी जातात, तेव्हा कोणती पातळी धरायची?

आहारकट्टा

आपल्या वडिलांचे उदाहरण हालचालीच्या पातळीचे महत्त्व अगदी स्पष्ट करते. मी वर दिलेल्या आकड्यांत ६५ किलोच्या पुरुषाच्या कष्टाच्या आणि बैठ्या कामात १३६० कॅलरींचा फरक आहे. तो जवळजवळ सहा मोठ्या भाकरींएवढा होतो. म्हणजे माणूस तोच, भूक तीच, जेवणही तेच, पण कामच बदलल्यामुळे दिवसाच्या ताटातील निम्म्याहून अधिक भाकरी शिलकीत पडू लागल्या. 'बाबा पूर्वीपेक्षा जास्त खात नाहीत, तरी सुटतात' असे घरात म्हटले जात असेल, तर ते खरेच आहे.

तरीही त्यांच्या बाबतीत घरच्या घरी कॅलरी कमी करू नयेत. ग्लिमेपिराईड हे औषध शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग समोर ताट भरलेले असो वा अर्धे. जेवण कमी केले आणि गोळी तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते: घाम सुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ, क्वचित बेशुद्धी. रात्रपाळीत एकटे असताना असे झाले तर मदतीला कोणी नसेल. आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटावे, जेवणात काय बदल करणार आहोत ते सांगावे आणि गोळीची मात्रा त्याप्रमाणे ठरवून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गावी जाऊन एकदम शेतीची कामे सुरू केली तरी साखर अशीच उतरू शकते, म्हणून सुगीला जाण्यापूर्वीही डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगावे.

पातळीविषयी: वर्षाची सरासरी काढू नये. पहाऱ्याच्या महिन्यांना १.४ आणि शेतीच्या महिन्याला १.८ किंवा त्याहून अधिक, असे वेगवेगळे धरावे आणि ताट कामाप्रमाणे बदलावे. गावाहून परतल्यावरचे पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण असतात, कारण काम थांबते तरी भूक लगेच कमी होत नाही. तेव्हा, डॉक्टरांशी गोळीचे ठरवून घेतल्यावरच, भाकरी दोनवर आणून भाजी, वरण आणि ताक वाढवावे.

इथे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. आकडा काहीही आला, तरी वैद्यकीय देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा हिशेब या काळात करूच नये.

खाडीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. १.४५ धरून १५५० पासून सुरुवात करते आणि नोंदवही यांनी सांगितल्याप्रमाणे दोन पाळीचक्रांतील सरासरी काढून पुढचा आकडा ठरवते. तेलाचा हिशेब आजच पाहिला. आमच्याकडे चौघांत महिन्याला चार लिटर लागते, म्हणजे माणशी दिवसाला तीस ग्रॅम आणि २७० कॅलरी. परंतु यात दर रविवारी होणाऱ्या भजी-वड्यांचे तळणही आहे, आणि तळून उरलेले सगळे तेल पोटात जात नाही. मग रोजच्या नोंदीत किती धरावे?

फोडणीची पळी

तळणासाठी वेगळी लहान बरणी ठेवावी. रविवारी कढईत ओतण्याआधी तेल काट्यावर मोजावे, तळण झाल्यावर थंड झालेले उरलेले तेल पुन्हा मोजावे, आणि फरक खाणाऱ्यांत वाटून त्याच दिवशी लिहावा. उरलेले तेल पुन्हा तळणाला न वापरता दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवावे. रोजच्या फोडणीचे तेल मुख्य बरणीतून जाईल, तेव्हा महिनाअखेर त्या बरणीतले किती संपले ते पाहावे आणि तळणातून उरून फोडणीत आलेले त्यात मिळवावे. ही बेरीज माणसांच्या आणि दिवसांच्या संख्येने भागली की रोजचा आकडा मिळतो. पहिल्या महिन्यात तो कमी करण्याचा प्रयत्न करू नये, आहे तसाच लिहावा, नाहीतर वर सांगितलेला गुणक बरोबर येणार नाही. दुसऱ्या महिन्यापासून पळीच्या जागी बरणीत लहान चमचा ठेवावा आणि चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन असे ठरवून घ्यावे. भाजी कोरडी लागू लागली तर झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. दुधी, पडवळ, कोबी, फरसबी यांना एवढ्या तेलात काही कमी पडत नाही, वांग्याला मात्र थोडे जास्त लागेल.